लॅपटॉप माझा, मग त्याचा थर्मामीटर कुणाचा?

मार्च उलटला की माझ्या इनबॉक्समध्ये एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत येऊ लागते. "भाऊ, लॅपटॉप लय तापून राहिला." "सर, पंखा विमानासारखा आवाज करतो." "काम करता करता फटकन बंद पडतो, काय करू?" मी प्रत्येकाला एकच उलटा प्रश्न करतो: किती तापतो? आकडा सांगा.

आकडा कुणीच सांगू शकत नाही. पोराला कणकण वाटली तर आपण काखेत थर्मामीटर लावतो आणि डॉक्टरला फोनवर "एकशे दोन आहे" असं सांगतो. पण चाळीस हजारांच्या यंत्राचा ताप मात्र आपण तळव्याने मोजतो. गंमत म्हणजे त्या यंत्रात थर्मामीटर आधीपासून बसवलेले असतात. एक नाही, पाच-सात असतात. ते सेकंदासेकंदाला मोजतातही. फक्त ते मालकाला दाखवायचं की नाही, हे मालक सोडून बाकी सगळे ठरवतात. आजची पोस्ट त्यावर आहे. लांब आहे, पण चहा घेऊन वाचा.

आधी हे आत्ताच का, ते सांगतो. विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ची चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे आपल्या शाळा, वाचनालयं, पतसंस्था, झेरॉक्सची दुकानं आणि घराघरांत ठणठणीत चालणारी हजारो यंत्रं एका तारखेने 'जुनी' झाली. यातली बरीचशी लिनक्सवर आणली जात आहेत. मीही सुट्टीच्या दिवशी दोन-तीन मित्रांबरोबर हेच काम करतो. लिनक्स टाकलं की आठ-दहा वर्षांचा लॅपटॉप पुन्हा धावू लागतो, हे खरं. पण आठ-दहा वर्षांचा लॅपटॉप म्हणजे आठ-दहा वर्षांची धूळ आणि वाळून गेलेली थर्मल पेस्टही. वर आपला अकोल्याचा मे महिना.

हिशेब साधा आहे. प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा त्याला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त आतली उष्णता बाहेरच्या हवेत टाकतो. त्यामुळे तेच काम, तोच पंखा असेल तर प्रोसेसर आणि खोली यांच्या तापमानातला फरक जवळपास तेवढाच राहतो. डिसेंबरात खोली २८ अंश असताना जो प्रोसेसर ८० वर असतो, तो पत्र्याच्या खोलीत ४५ अंशाला ९७ च्या घरात जातो. बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० च्या आसपास असते. तिच्या जवळ गेलं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. तेवढ्यानेही भागलं नाही तर यंत्र बंद होतं. आपण म्हणतो, "जुना झाला, हळू चालतो." तो जुना झालेला नसतो, त्याला ताप असतो.

आता थर्मामीटरकडे येऊ. इंटेलच्या कोअर मालिकेतल्या प्रोसेसरमध्ये प्रत्येक कोअरवर एक डिजिटल सेन्सर असतो. तो थेट अंश सांगत नाही, कमाल मर्यादेपासून आपण किती खाली आहोत ते सांगतो. मर्यादा १०० असेल आणि सेन्सर ३८ म्हणाला, तर तापमान ६२. म्हणून हा सेन्सर वरच्या बाजूला भरवशाचा असतो आणि यंत्र अगदी थंड असताना थोडा ढिसाळ. चालतं आपल्याला, कारण काळजी वरच्या बाजूचीच असते. लिनक्सच्या कर्नलमध्ये हा सेन्सर वाचणारा ड्रायव्हर आहे, त्याचं नाव कोअरटेंप. एएमडीसाठी के१०टेंप आहे. यंत्र सुरू होताना प्रोसेसर आपली ओळख सांगतो, कर्नल त्या ओळखीशी जुळणारा ड्रायव्हर शोधतो आणि आपोआप चढवतो. तुम्हाला काही करावं लागत नाही.

हे आपोआप का जमतं, हे नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. प्रोसेसर बनवणाऱ्यांनी तो सेन्सर कुठे आहे आणि कसा वाचायचा, हे कागदावर छापून जाहीर केलं. कागद उघडा होता म्हणून जगात कुणीतरी एकदा ड्रायव्हर लिहिला आणि तो सगळ्यांना मिळाला. यात जादू काही नाही.

जिथे कागद उघडा नाही, तिथे काय होतं? लॅपटॉपमध्ये प्रोसेसरशिवाय एक छोटी वेगळी चिप असते, एम्बेडेड कंट्रोलर. पंखा किती फिरवायचा, बॅटरी कशी भरायची, कीबोर्डचे दिवे कधी लावायचे, हे तिच्या हातात. मदरबोर्डचं तापमान आणि पंख्याचा वेग तिच्याकडे असतो. आणि ही चिप कशी बोलते ते प्रत्येक कंपनीचं वेगळं, कित्येकदा एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत वेगळं, आणि बहुतेक वेळा जाहीर न केलेलं. म्हणून लिनक्समध्ये थिंकपॅडसाठी वेगळा ड्रायव्हर, डेलसाठी वेगळा, असुससाठी वेगळा, एचपीसाठी वेगळा. यातलं पुष्कळसं काम लोकांनी रात्री जागून, अंदाज बांधत, आपल्याच यंत्रावर प्रयोग करत केलेलं आहे. तुमचं मॉडेल त्या यादीत असेल तर पंख्याचा वेग दिसतो. नसेल तर तुमचं नशीब.

लिनक्सवाल्यांत नेहमीचा एक वाद आहे. नवीन माणूस विचारतो, "हे सगळं आपोआप का नाही होत? मला 'सेन्सर्स-डिटेक्ट' नावाची कमांड का चालवावी लागते, आणि ती मला इंग्रजीत दहा प्रश्न का विचारते?" जुने लोक उत्तर देतात, "मॅन्युअल वाचा." मला दोघांचंही पटत नाही. नवीन माणसाचा प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे, आणि त्याचं खरं उत्तर मॅन्युअलच्या बाहेर आहे.

ही कमांड एलएम-सेन्सर्स नावाच्या प्रकल्पाची. नावातलं 'एलएम' हे जुन्या एलएम७५, एलएम७८ या सेन्सर चिपांवरून आलेलं. ती काय करते? यंत्रातल्या वेगवेगळ्या वायरींवर जाऊन दार ठोठावते: इथे कुणी सेन्सर राहतो का? अमुक उत्तर आलं तर अमुक चिप असावी, असा अंदाज बांधते. पत्ता नसताना गल्लीतल्या प्रत्येक दाराची कडी वाजवत फिरणाऱ्या पोस्टमनसारखं. बहुतेक दारं निमूट उत्तर देतात. पण एखाद्या दारामागे भलतंच काही असतं.

हे काल्पनिक नाही. २००० सालाच्या सुमारास आयबीएमच्या काही थिंकपॅड मॉडेलांत असंच झालं. सेन्सर शोधणाऱ्या प्रोग्रामने जी वायर चाचपली, तिच्यावर यंत्राची मूळ माहिती साठवणारी एक चिप होती. नुसतं विचारण्याच्या त्या पद्धतीनेच तिच्यातला मजकूर बिघडला, आणि लॅपटॉप पुन्हा सुरू होईना. त्यानंतर लिनक्सच्या त्या ड्रायव्हरमध्ये थेट अट घातली गेली: यंत्र आयबीएमचं दिसलं तर मी काम करणार नाही. 'सेन्सर्स-डिटेक्ट'ला प्रश्न न विचारता चालवायची सोय आजही आहे, पण ती पूर्ण सुरक्षित असेलच असं नाही, हे तिचं मॅन्युअलच सांगतं. प्रश्न विचारण्यामागे आळस नाही, दुधाने तोंड पोळलेलं आहे.

म्हणजे माझं म्हणणं असं: आपोआप ओळख होत नाही हा लिनक्स लिहिणाऱ्यांचा नाकर्तेपणा नाही. पत्ता लपवून ठेवणाऱ्यांनी तो लपवलाय, आणि दोष पोस्टमनच्या माथी.

याच्याही पुढचा प्रकार म्हणजे खोटा आकडा. लॅपटॉपच्या बायोसमध्ये एसीपीआय नावाची एक व्यवस्था असते. तिच्यामार्फत कंपनी ऑपरेटिंग सिस्टिमला तापमान कळवू शकते. कित्येक यंत्रांत ते कळवलं जातं २७.८ अंश. सकाळी २७.८. दुपारी २७.८. व्हिडिओ कॉल चालू, पंखा कोकलतोय, बाहेर ४४, तरी २७.८. लिनक्स वापरणाऱ्यांना हा आकडा आता तोंडपाठ आहे. भिंतीवर चिकटवलेल्या घड्याळाच्या चित्रासारखा तो तिथे असतो. आकडा नसेल तर माणूस निदान शंका तरी घेतो. खोटा आकडा असेल तर "सगळं ठीक आहे" म्हणून निवांत बसतो.

"सामान्य माणसाला काय करायचेत हे आकडे?" असं मला एका ओळखीच्या अधिकाऱ्याने विचारलं होतं. त्याचं उत्तर एका शाळेने दिलं. नाव लिहीत नाही. तिथले सहा लॅपटॉप निर्लेखनाच्या यादीत गेले होते. शेरा होता, "वारंवार बंद पडतात, मदरबोर्ड नादुरुस्त." तपासायला आलेल्या माणसाने हे पाहून नाही, ऐकून लिहिलेलं. आम्ही पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून तापमान पाहिलं. एकच व्हिडिओ लावला आणि सहापैकी चार यंत्रं दहा मिनिटांत ९७-९८ वर. मागचं झाकण उघडलं तर पंख्यामागच्या जाळीत धुळीचा नमदा बसलेला. ब्रश, ब्लोअर, नवीन पेस्ट. चौघंही त्याच व्हिडिओला पंच्याहत्तरच्या आत आले. उरलेल्या दोघांचा बिघाड खरंच वेगळा होता. ते यादीत राहिले, आणि राहायलाच हवे होते. आकड्याचा उपयोग हाच: कुणाला वाचवायचं आणि कुणाला सोडायचं हे कळतं. आकडा नसता तर सहाही भंगारात गेले असते आणि मुलांना पुढच्या अनुदानापर्यंत फळ्यावर कीबोर्डचं चित्र काढून शिकवलं असतं.

दुसरा आक्षेप: "कंपन्या सुरक्षेसाठी लपवतात. बॅटरीची चिप आहे ती, कुणी काही केलं तर आग लागेल." ही भीती अगदीच खोटी नाही. पण थर्मामीटर वाचल्याने ताप चढत नाही. वाचणं आणि बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंख्याचा वेग बदलायची परवानगी जपून द्या, हरकत नाही. वेग किती आहे हे बघण्याची परवानगी मागतोय आम्ही. आणि प्रोसेसर मर्यादेबाहेर गेला की बंद होण्याची सोय प्रोसेसरच्या आतच असते, ती कुणी आकडा वाचल्याने निघून जात नाही.

तिसरा: "एवढी कटकट, तर विंडोजच वापरा ना." विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाचं तापमान दिसतं, प्रोसेसरचं नाही. तिथेही कंपनीचं वेगळं सॉफ्टवेअर टाका, नाहीतर तिसऱ्याचं शोधा. त्यामुळे हा प्रश्न लिनक्स विरुद्ध विंडोज असा नाहीच. प्रश्न आहे पावती कुणाच्या नावावर फाटली आहे याचा.

आता घरी काय करता येईल ते सांगतो. कमांडची नावं टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायची.

१) उबुंटू, मिंट, डेबियन असेल तर 'एलएम-सेन्सर्स' हे पॅकेज टाका. काहींत ते आधीच असतं. फेडोरात त्याच नावात आडव्या रेघेऐवजी खालची रेघ आहे. मग टर्मिनलमध्ये 'सेन्सर्स' लिहून एंटर मारा. बहुतेक लॅपटॉपवर 'कोअरटेंप' किंवा 'के१०टेंप' खाली आकडे लगेच दिसतात. दिसले तर थांबा. काम झालं. उगाच पुढे खोदकाम नको.

२) काहीच दिसलं नाही तरच 'सेन्सर्स-डिटेक्ट' चालवा, पासवर्ड देऊन. प्रत्येक प्रश्नात जे उत्तर मोठ्या अक्षरांत आहे ते सुरक्षित मानलेलं उत्तर. ते स्वीकारायला नुसतं एंटर पुरतं. पण शेवटचा प्रश्न वाचा! सापडलेले ड्रायव्हर कायमचे नोंदवू का, असं तो विचारतो, आणि डेबियन-उबुंटूत तिथे ठरलेलं उत्तर 'नाही' असतं. लोक एंटर-एंटर करत जातात, नोंद होतच नाही, आणि यंत्र पुन्हा सुरू केलं की "कालच तर सापडले होते" म्हणून कपाळाला हात. तिथे 'येस' पूर्ण लिहा.

३) हार्ड डिस्क किंवा साटा एसएसडीचं तापमान हवं असेल तर 'ड्राइव्हटेंप' हा ड्रायव्हर २०२० पासून कर्नलमध्ये आहे, पण तो स्वतःहून चढत नाही. त्याचं नाव नोंदवावं लागतं. एनव्हीएमई डिस्कचं मात्र नव्या कर्नलमध्ये आपोआप दिसतं.

४) एसीपीआयचा आकडा दिवसभर हलला नाही तर त्यावर विश्वास ठेवू नका. मोठा व्हिडिओ लावा, आकडा चढतो का पाहा, बंद केल्यावर उतरतो का पाहा. चढत-उतरत नसेल तो सेन्सर नव्हे.

५) वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा: आजची तारीख, खोलीचं तापमान, प्रोसेसरचं तापमान. वर्षाने पुन्हा मोजा. फरक दहा अंशांच्या वर गेला असेल तर आधी पंखा साफ करा, नंतर नव्या लॅपटॉपचा विचार करा.

पण हे घरचे उपाय झाले. माझी मागणी सार्वजनिक आहे, आणि पैसे सार्वजनिक असतात म्हणून आहे.

जिल्हा परिषद, नगरपालिका, ग्रामपंचायत, अनुदानित शाळा, वाचनालय: यांपैकी कुणीही संगणक घेताना निविदेत एक ओळ घालावी. प्रोसेसर, डिस्क आणि पंखा यांचे आकडे नेहमीच्या लिनक्स कर्नलमध्ये कंपनीचं वेगळं सॉफ्टवेअर न टाकता वाचता आले पाहिजेत. माल आला की पेनड्राइव्ह लावायचा, एक कमांड चालवायची, पडद्याचा फोटो फाइलला जोडायचा. दहा मिनिटांचं काम. शंभर यंत्रांच्या ऑर्डरीसाठी ही अट असेल तर पुरवठादार कंपनीला विचारेल, आणि त्यातून एखादा बंद कागद उघडेल. एकट्या गिऱ्हाइकाच्या ईमेलने तो उघडत नाही, हे मी बघितलंय.

निर्लेखनाच्या प्रस्तावालाही हाच फोटो जोडायची सक्ती व्हावी. "नादुरुस्त" हा शेरा तापमानाशिवाय मान्य करू नये. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. कचऱ्याची विल्हेवाट कशी लावायची यावर आपण इतकं बोलतो, तर जो कचरा नाहीच त्याला कचरा ठरवू नये यावरही थोडं बोलू या.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापावे लागतात, आणि तांत्रिक कागदपत्रं किती उपलब्ध आहेत याचे त्यात मार्क असतात. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरात 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. असे गुण आपल्याकडेही द्यावेत अशी चर्चा चालू आहे. त्या चर्चेत स्क्रू, बॅटरी आणि सुटे भाग यांच्याबरोबर सेन्सरही आला पाहिजे. स्क्रू उघडता येतो पण आजार कळत नाही, अशी दुरुस्ती अर्धवटच.

आणि लिनक्स बनवणाऱ्यांनाही एक सांगणं. सी-डॅकचं मुख्यालय आपल्या पुण्यात आहे, त्यांचं डेबियनवर आधारलेलं बॉस लिनक्स सरकारी यंत्रांसाठीच आहे. प्रोसेसरचा सेन्सर कर्नल स्वतःहून ओळखतो, तर तो आकडा घड्याळाशेजारी स्वतःहून दाखवायला काय हरकत आहे? "प्रोसेसर ७२ अंश, ठीक." "९५ अंश, झरोका तपासा." मराठीत, दोन शब्दांत. ओळख आपोआप आणि दर्शन मात्र टर्मिनलमध्ये, याला अर्थ नाही. गावातल्या मास्तरांनी, वाचनालयाच्या ताईंनी काळ्या पडद्यावर कमांड का टाइप करावी?

आपण गाडी घेतो तेव्हा तापमानाचा काटा, निदान दिवा तरी, समोर असतो. इंजिन तापलं की कळतं, बाजूला लावतो, पाणी घालतो. काटा बोनेटच्या आत कुलूप लावून ठेवलेली गाडी कुणी विकली असती तर आपण शोरूममध्ये भांडलो असतो. लॅपटॉपच्या बाबतीत आपण भांडत नाही, कारण काटा आहे हेच कुणी सांगितलेलं नाही. आता तुम्हाला माहीत आहे.

तर मित्रहो, कमेंटमध्ये एवढंच लिहा: मॉडेल, गाव, खोलीचं तापमान, प्रोसेसरचं तापमान, आणि पंख्याचा वेग दिसला की नाही. "छान पोस्ट" लिहिलं नाही तरी चालेल. पन्नास-साठ नोंदी जमल्या तर त्यांची यादी करून, कुठल्या मॉडेलचा पंखा दिसतो आणि कुठल्याचा दिसत नाही हे मांडून, निविदेच्या त्या एका ओळीच्या मागणीसह जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला निवेदन देऊ. ज्यांना सह्या करायच्या आहेत त्यांनी तसंही लिहा. नवीन सत्र जूनअखेर सुरू होतं, खरेदीच्या फाइली त्याआधी हलतात. म्हणून याच आठवड्यात मोजा.